प्रसूतीपर्यंत तहकूब

११ एप्रिल, सोमवार

वकीलबाई पेगी ग्रोस म्हणाल्या, जे घडेल ते तारीख घालून लिहून ठेवा, कोर्टात उपयोगी पडतं. म्हणून ही वही. आजवर गाय कधी व्याली एवढंच मी लिहीत आलो, तेव्हा भाषेची कुणी अपेक्षा ठेवू नये.

हकिकत अशी. मी लॅम्बर्ट ओर्साक, वय चव्वेचाळीस, धंदा गुरांचा. बायको डीना, अडतीस, शाळेच्या कचेरीत कामाला. लग्नाला बारा वर्षं, मूल नाही. मार्चमधल्या एका रविवारी चर्चहून आल्यावर तिने माझं ताट वाढलं आणि उभ्यानेच सांगितलं की तिला दिवस गेलेत आणि मूल माझं नाही. वेड रक्कर नावाच्या माणसाचं आहे. हा वेड पाइपलाइनच्या कामावरचा माणूस, हिवाळ्यात गावात खोली घेऊन राहिला. "तुझ्यापासून लपवायचं नव्हतं मला," ती म्हणाली. मी म्हटलं, "उपकार झाले." दुपारी ती बॅगा घेऊन आईच्या घरी गेली. वाढलेलं मी जेवलो. अन्न वाया कशाला घालवायचं?

आज घटस्फोटाचा अर्ज दाखल केला. त्यात एक रकाना आहे, पत्नी गरोदर आहे की नाही. पेगीबाईंनी 'आहे'वर खूण केली आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. साठ दिवस थांबावं लागतं म्हणाल्या. म्हणजे जूनच्या मध्यावर मी मोकळा.

१९ एप्रिल, मंगळवार

बाजाराचा दिवस. लिलावाच्या रिंगणात गुरं आत सोडायचं काम माझ्याकडे असतं. मधल्या सुट्टीत कॉफी घेताना, रिंगणावर माझ्यासोबत काम करणारा जो बेन सगळ्यांसमोर म्हणाला, "लॅम, तू कशाला घाबरतोस? शेजाऱ्याचा बैल कुंपण मोडून आला तरी वासरू गाईच्या मालकाचंच. आपल्याकडे कायदाच आहे तसा." सगळे हसले. मी कप खाली ठेवून कामाला लागलो.

संध्याकाळी तो ट्रेलरपाशी आला. "चुकलं रे. तोंडातून निघून गेलं."

"मला काय वाटेल ते म्हण," मी म्हटलं. "डीनाला गाय म्हणायचं नाही."

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला.

हे मी तिची बाजू घ्यायची म्हणून बोललो नाही. चारचौघांत बोलायची एक रीत असते, एवढंच.

२७ मे, शुक्रवार

महिनाभर लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आज विमा कंपनीचं पाकीट आलं. खटला चालू असताना दोघांपैकी कुणी विमा बदलायचा नाही असा कोर्टाचा हुकूम आहे. डीना माझ्या विम्यावर, त्यामुळे तिच्या दवाखान्याचे कागद माझ्या पत्त्यावर येतात. चूक कोणाची, कागद कोणाच्या टेबलावर! आत सोनोग्राफीची नोंद होती. विसावा आठवडा.

चांगलं सुनवायचं म्हणून कंपनीला फोन लावला. म्हटलं, हे माझं मूल नाही, मला कागद पाठवू नका. पोरगी गोड बोलत होती. शेवटी म्हणाली, "सर, बाळ ठीक आहे की नाही ते आम्हाला इथून सांगता येत नाही. ते डॉक्टरांना विचारा." मी तसं काही विचारलंच नव्हतं. निदान मला आठवत तरी नाही.

१३ जून, सोमवार

मोकळा होणार होतो, झालो नाही.

न्यायाधीशांनी कागद चाळले, डीनाकडे बघितलं. सहावा महिना, लपण्यासारखं काही राहिलेलं नाही. विचारलं, "कधीची तारीख आहे?" ती म्हणाली, "ऑक्टोबरचा पहिला आठवडा." त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "मूल जन्माला आल्याशिवाय मी घटस्फोट देत नाही. ते कोणाकडे राहणार, त्याला कोण पोसणार, हे सगळं एकाच निकालात लिहावं लागतं. जे अजून आलंच नाही त्याच्याबद्दल मी काय लिहू? तहकूब. प्रसूतीपर्यंत."

बाहेर व्हरांड्यात पेगीबाईंनी उरलेलं सांगितलं. लग्न टिकून असताना मूल झालं तर टेक्ससात नवराच बाप धरतात. लग्न मोडल्यावर दहा महिन्यांच्या आत झालं तरी तोच.

"पण तीच सांगतेय की माझं नाही!"

"तिच्या सांगण्याने होत नाही. दोन कागद लागतात. एक तुमचा, की मी बाप नाही. दुसरा त्याचा, की मी आहे. दोन्ही असले तरच चालतात. एका हाताने टाळी वाजत नाही, ओर्साक."

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"तर मूल झाल्यावर कोर्टाकडे रक्ताची तपासणी मागायची. तोवर तुम्ही बाप."

डीना पायऱ्या उतरत होती, कठडा धरून. बाहेर रणरणतं ऊन. तिच्या गाडीतला एसी गेल्या वर्षीच बंद पडलाय. दुरुस्त करतो म्हणून मीच टाळत आलो होतो.

२ जुलै, शनिवार

वेड रक्कर पशुखाद्याच्या दुकानाबाहेर भेटला. मला बघून पिकअपमधून उतरला. पळून गेला नाही हे नोंदवलं पाहिजे. वाटला होता त्यापेक्षा लहान आहे, तिशीचा असेल.

"तू मला मारणार असशील तर मार," म्हणाला.

"मारून काय मिळणार? सही कर."

"करतो ना. पोर झालं की जिथे सांगशील तिथे सही करतो."

मी हात पुढे केला. त्याने घट्ट धरला, डोळ्यांत बघून. माणूस म्हणून वाईट वाटला नाही. काम झालं. पेगीबाईंना सोमवारी सुट्टी आहे, मंगळवारी सांगेन.

५ जुलै, मंगळवार

पेगीबाईंनी डोक्याला हात लावला.

"तो समोर उभा होता आणि तुम्ही हात मिळवलात?"

"शब्द दिला त्याने."

"अहो, ते दोन्ही कागद मूल व्हायच्या आधीसुद्धा करता येतात! त्याला धरून इथे आणायचं होतं. दहा मिनिटांचं काम."

मी सांगितलं, आमच्या बाजारात माणूस नुसतं बोट वर करतो आणि ट्रेलरभर गुरं त्याची होतात. वीस वर्षांत कुणी बोट नाकारलेलं मी बघितलं नाही. हात मिळवल्यावर वर कागद मागणं म्हणजे तोंडावर खोटारडा म्हणण्यासारखं. माझा बाप तसा वागला नाही, मीही नाही.

"ओर्साक," त्या म्हणाल्या, "तो गुरांच्या बाजारातला नाही."

त्यांच्याकडून लगेच वेडला फोन केला. वाजत राहिला. कामावर असेल.

२१ जुलै, गुरुवार

पुन्हा विम्याचा कागद. डीनाची साखर वाढली आहे, गरोदरपणात होते तशी. दर आठवड्याला तपासणी.

माझी थोरली बहीण बर्निस चर्चच्या कचेरीत नोंदी ठेवते. तिच्याकडे गेलो. सहज म्हटल्यासारखं म्हटलं, डीना दर शुक्रवारी चर्चच्या विक्रीसाठी कोलाचे, ते सारणाचे गोड पाव, भाजते ना, तिला सांग की आतलं जर्दाळूचं सारण चाखत बसू नकोस. ते चाखता चाखता तिची अर्धी वाटी जाते हे मला बारा वर्षांपासून माहीत आहे. सोबत दोन डझन अंडी आणि परसातल्या काकड्या दिल्या.

"कोणी दिलं म्हणून सांगू?" बर्निस म्हणाली.

"कोंबड्यांनी."

"आणि काकड्या?"

"बर्निस, द्यायच्या तर दे, नाहीतर परत कर."

विम्यावर बोजा वाढू नये म्हणून हे केलं. पेगीबाईंनी विचारलं तर कारण हेच आहे.

९ ऑगस्ट, मंगळवार

वेड रक्कर गेला. खोलीच्या मालकिणीने सांगितलं, टोळीचं काम संपलं, उत्तरेकडे कुठेतरी गेले सगळे, पत्ता ठेवलेला नाही. फोन बंद. बाजारात कुणाला सांगितलं नाही. हात मिळवला होता हे तर नाहीच नाही.

बर्निसला मात्र सांगितलं. ती बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत काहीतरी लिहीत होती. मान वर न करता म्हणाली, "तपासणीत तू नाही ठरलास आणि तो सापडला नाही, तर बापाच्या रेघेवर मी काय लिहू?"

"ते तुझं काम आहे. माझं नाही."

"तुझं काहीच नसतं, लॅम. तीन वर्षं ती तुला म्हणत होती, एकदा डॉक्टरकडे चल, दोघांची तपासणी करू. ती स्वतःची करून आली. तू गेलास?"

"कामं असतात."

"दर वसंतात बैल तपासून घेतोस. एक चुकवत नाहीस."

बैलाची गोष्ट वेगळी असते. बैल नापास झाला तर सगळा हंगाम जातो. तिला म्हटलं, तू तुझी वही बघ. दार जरा जोरात लागलं माझ्या हातून.

हे लिहायला नको होतं. पेगीबाईंना याचा उपयोग नाही. पण घडेल ते लिहायचं ठरलंय, म्हणून लिहिलं.

१२ सप्टेंबर, सोमवार

शाळेजवळ डीनाची गाडी बंद पडलेली दिसली. ती बॉनेटपाशी उभी, एक हात कमरेवर. थांबावं लागलं, रस्ता एकच आहे.

"दवाखान्याची वेळ आहे," ती म्हणाली. "आई हट्टाने तिच्या सांध्यांच्या डॉक्टरकडे गेलीय."

"बस."

वीस मैल. पिकअपची पायरी उंच, तिला चढायला हात द्यावा लागला. पट्टा तिने पोटाखालून नीट घेतला.  मग तीच म्हणाली, "पाय खाली आहेत बाळाचे. वळलं नाही तर पोट कापून काढणार."

"वळतात शेवटी शेवटी. आणि नाही वळलं तरी तिथे डॉक्टर असतात. मी तर एकट्याने, गोठ्यात, दोरी लावून..."

"लॅम! दोरीचं सांगू नकोस मला." ती हसली. तोंडावर हात ठेवून हसली. तिला हसताना कितीतरी दिवसांनी बघितलं.

परत येताना म्हणाली, "तपासणीला मी हरकत घेणार नाही. वेड येणार नाही, ते मला कळलंय. पण माझं ओझं तुझ्या डोक्यावर नको. तू मोकळा हो."

"हो," मी म्हटलं.

"मला राग नाही तुझा. मी जे केलं ते वाईटच केलं. पण त्या घरात मी फार एकटी होते."

  तिची गाडी मी ओढून गॅरेजमध्ये नेली आणि एसीपण बघ म्हणून सांगितलं.

४ ऑक्टोबर, मंगळवार

बाजार भर रंगात. कालवडी आत सोडत होतो तेवढ्यात फोन. हॉस्पिटलमधून बाई बोलत होती. विम्याच्या कागदावर नवरा म्हणून माझाच नंबर. शस्त्रक्रिया झाली, दोघी ठीक आहेत, मुलगी आहे.

मी फाटक जो बेनच्या हातात दिलं. त्याने काही विचारलं नाही, ही त्याची मेहेरबानी.

डीना गुंगीत होती. मुलगी दुसऱ्या खोलीत, काचेपलीकडे. मी काचेपाशी उभा राहिलो, अंगावर बाजाराचे कपडे, बुटांना शेण. नर्सने दार उघडलं.

"तुम्ही बाबा ना?"

"ते प्रकरण कोर्टात आहे," मी सांगितलं.

ती वयस्क होती, अशा उत्तरांना सरावलेली असावी. म्हणाली, "बरं. मग निकाल लागेपर्यंत हात धुऊन घ्या. कोपरापर्यंत."

धुतले. तिने मुलगी माझ्या हातात दिली. मी आयुष्यात शेकड्यांनी वासरं ओढून काढली, पुसली, उभी केली. हिला कुठे धरायचं तेच कळेना. केस ओले होते. तिने एक डोळा उघडला, मला बघितलं आणि पुन्हा मिटला. किती वेळ धरलं ते इथे लिहीत नाही.

६ ऑक्टोबर, गुरुवार

पेगीबाई: "तुम्ही गेलात? धरलंत?"

"हात धुऊन धरलं."

"ओर्साक, ज्याला बाप व्हायचं नाही तो असं वागत नाही. उद्या कोणी विचारलं तर मी काय सांगू?"

जन्माच्या दाखल्यावर बाप म्हणून माझं नाव लागलंय. मी सही केली नाही, कुणी मागितलीही नाही. कायद्याने आपोआप लागतं. मुलीचं नाव ईडिथ ॲन ठेवलंय.

१८ नोव्हेंबर, शुक्रवार

सोमवारी सुनावणी. पेगीबाईंनी समोर बसवून सगळं सांगितलं. तपासणीचा अर्ज तयार आहे. मागितली की दोन-तीन आठवड्यांत निकाल, आणि मी मोकळा. नाही मागितली तर मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत तिचा खर्च माझा, आजारपण माझं. डीना उद्या दुसरं लग्न करील, गावही सोडील, तरी माझं देणं सुटणार नाही. आणि नंतर पश्चात्ताप झाला म्हणून कोर्ट ऐकून घेईलच असं नाही.

"मूल गोड असतं. सगळीच असतात," त्या म्हणाल्या. "पण गोड आहे म्हणून असा निर्णय घेऊ नका. डोकं ठिकाणावर ठेवून सांगा."

मी ठिकाणावर ठेवूनच सांगितलं. तपासणी मागायची. ती माझी नाही. हे मला माहीत, तिला माहीत, गावाला माहीत. खोटं नाव घेऊन कुणी कशाला वाढावं? ठरलं.

घरी येऊन कुंपणाच्या दोन तारा ताणल्या. जेवण गेलं नाही.

२१ नोव्हेंबर, सोमवार

हे सावकाश लिहितो.

डीना मुलीला घेऊन आली होती. सोबत आई नाही, कुणीच नाही. न्यायाधीशांनी आधी तिला शपथ दिली. तिच्या वकिलाने काही विचारायच्या आत तीच बोलायला लागली. "साहेब, मी सरळच सांगते. मुलगी याची नाही. यात याचा काही दोष नाही. ज्याची आहे तो निघून गेलाय, आणि मी त्याला शोधणार नाही. याला सोडा तुम्ही. माझी मुलगी मी वाढवीन." आवाज कापला नाही तिचा. मुलगी खांद्यावर झोपलेली होती.

न्यायाधीशांनी समोरचा कागद ओढला. मग म्हणाले, "मुलीचं पूर्ण नाव?"

तिचा वकील कागद उलटायला लागला. मी म्हटलं, "ईडिथ ॲन ओर्साक. चार ऑक्टोबर. सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. सहा पौंड अकरा औंस."

पेगीबाईंनी माझ्याकडे बघितलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

"मिस्टर ओर्साक," न्यायाधीश म्हणाले, "तुमच्यातर्फे तपासणीची मागणी येणार आहे असं मला कळलंय."

पेगीबाई अर्ज हातात घेऊन उभ्या राहिल्या होत्या. मीही उभा राहिलो. मी 'हो' म्हणणार होतो. शुक्रवारी ठरलं होतं, त्यानंतर ते बदलेल असं काही घडलेलं नव्हतं.

"नाही साहेब," मी म्हटलं. "मागणी नाही."

"आम्हाला एक मिनिट द्या," पेगीबाई म्हणाल्या.

"नको मिनिट."

न्यायाधीश पुढे वाकले. "तुम्हाला समजतंय ना? लग्न आज संपेल. हे संपणार नाही. बायको तुमची राहणार नाही, मुलगी मात्र राहील. रागाच्या दिवशीसुद्धा, आजारात, तिने तुमचं ऐकलं नाही तरीसुद्धा."

"समजतंय."

"कारण विचारू शकतो?"

 आजूबाजूला बघितलं. बाकं रिकामी होती. "साहेब," मी म्हटलं, "आज इथे दुसरं कुणी आलेलं नाही."

डीना रडायला लागली. मघाशी एवढं सगळं कडक बोलली आणि आता कशाला रडायचं, मला कळलं नाही. न्यायाधीशांनी लिहायला घेतलं. घटस्फोट मंजूर. मुलगी आईकडे. बापाने तिचा खर्च आणि विमा बघायचा, आणि ती मोठी होईपर्यंत दर शनिवारी चार तास तिला न्यायचं.

बाहेर डीना म्हणाली, "लॅम, मी परत येणार नाही. यासाठी केलं असशील तर..."

"नको येऊस," मी म्हटलं. "शनिवारी दहाला येतो मी. दूध काढून ठेव."

ती पुन्हा हसायला लागली आणि पुन्हा रडायला लागली. मग मुलीचं टोपडं सारखं करून ती गेली. बारा वर्षांचं लग्न संपलं ते असं, पार्किंगमध्ये. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं, ते लिहून ठेवतो.

घरी आलो तेव्हा ध्यानात आलं की शनिवारी मुलीला पिकअपमध्ये बसवायचं कशात? लहान मुलांची ती पट्ट्यांची खुर्ची लागते, तेवढं मला माहीत आहे. बर्निसला विचारायला फोन केला. तिला कोर्टातलं कुणीतरी आधीच सांगितलं होतं, त्यामुळे तिला बोलताच येईना. नुसती हुंदके देत होती. म्हटलं, तुझं आवरलं की सांग, आणि खुर्ची आणायला पुन्हा बाहेर पडलो.

दुकानात पोरगेलीशी बाई होती. खुर्ची हवी म्हटल्यावर म्हणाली, "किती महिन्यांचं आहे बाळ?"

"सात आठवडे."

"अरे वा! कोणासाठी घेताय?"

"माझ्या मुलीसाठी," मी म्हटलं.

मोठ्याने पहिल्यांदाच म्हटलं. तिला त्यात काही विशेष वाटलं नाही. तिसऱ्या रांगेत डाव्या हाताला आहेत, म्हणाली.